प्रवासात माणसांचे फोटो काढताना: जागा ठरवण्यापासून प्रिंट हातात देईपर्यंत

प्रवासाहून आल्यावर फोटो चाळायला बसलं की सर्वांत जास्त फसलेले फोटो माणसांचेच निघतात. लांबून झूम लावून टिपलेली पाठमोरी बाई, कॅमेऱ्याकडे वैतागून बघणारे आजोबा, ताडपत्रीखाली निळे पडलेले चेहरे. एखादा फोटो खरंच छान आलेला असतो, पण त्या माणसाचं नाव काय, तो करत होता ते काम कोणतं, हे विचारायचं राहून गेलेलं असतं. या चुकांचं मूळ बहुतेक वेळा क्रमात असतं. आधी फोटो काढायचा आणि मग जमलं तर बोलायचं, हा उलटा क्रम सगळं बिघडवतो.

पुढचा क्रम जैसलमेर, क्योतो, मराकेश कुठेही चालतो. तो अंगवळणी पाडायला मात्र मुंबई उत्तम. पहाटेच्या लिलावापासून रात्रीच्या विसर्जनापर्यंत इथे सगळं लोकलच्या तिकिटात पोचता येतं, आणि चुकलं तर पुढच्या आठवड्यात परत जाता येतं. म्हणून उदाहरणं इथली घेतली आहेत. मुंबईबाहेर आणि देशाबाहेर काय बदलतं, ते आठव्या टप्प्यात आहे.

टप्पा १: जागा नको, काम निवडा (निघण्याच्या आठवडाभर आधी)

"कोळीवाड्याचे फोटो काढायचेत" हा विषय होत नाही. "बोट लागल्यापासून मासळी पाटीत जाईपर्यंतचं काम" हा विषय होतो. कामाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि मधे हात गुंतलेले असतात. हात गुंतलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर काय करायचं हा प्रश्न पडत नाही, त्यामुळे फोटोही अवघडलेले येत नाहीत.

काम ठरलं की त्याची वेळ शोधा. पर्यटकांची वेळ आणि कामाची वेळ सहसा जुळत नाहीत.

१. ससून डॉकचा मासळी लिलाव पहाटे पाचच्या सुमारास रंगात असतो. आठला पोचलात तर बर्फाचं पाणी आणि रिकाम्या टोपल्या मिळतील. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा या विषयासाठी जाऊच नका.

२. दादरचा फुलबाजार उजाडण्याआधीच भरतो. घाऊक व्यवहार सूर्य वर येईपर्यंत उरकतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग मिळतील, पण उभं राहायला जागा मिळणार नाही. पहिल्यांदा जाताना साधा मंगळवार-बुधवार बरा.

३. चर्चगेटबाहेर डबेवाल्यांची डब्यांची वाटणी साडेअकराच्या आसपास चालते. त्या वेळी त्यांच्याकडे बोलायला एक मिनिटही नसतं. बोलायचं असेल तर दुपारी डबे पोचवून झाल्यावर.

४. वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेले बघायचे तर पावसाळा संपल्यानंतरचे कोरडे महिने.

५. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. नवस बोलायला मेणाचे हात, पाय, घरं विकणारे स्टॉल शनिवार-रविवार सोडून गेलात तर निवांत बघता येतात.

मग एकदा कॅमेरा न घेता जाऊन या. हा फेरा बहुतेक जण टाळतात. उजेड कुठून येतो, कोण कुठे बसतं, हमाल कोणत्या वाटेने धावतात, चहाची टपरी कुठे आहे एवढं पाहून या. आणि एखाद्या ठेलेवाल्याशी चार शब्द बोला. दुसऱ्या खेपेला "अरे, त्या दिवशी आला होतात ना" हे कानावर आलं की निम्मं काम झालेलं असतं.

तपासा: काम कधी सुरू होतं, सर्वांत घाईची वेळ कोणती, विसावा कधी असतो, आणि तिथे कोणाच्या शब्दाला मान आहे, या चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहिलेली हवीत. एकही कोरा राहिला तर पुन्हा फेरी मारा.

टप्पा २: कुठे कॅमेरा काढायचाच नाही, ते आधी ठरवा

भारतात सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट मनाई नाही. पण काही जागा आणि काही प्रसंग स्पष्टपणे वगळावे लागतात.

कुलाब्याचा नौदलाचा भाग, गोदीच्या हद्दी, विमानतळाचा सुरक्षित परिसर इथे कॅमेरा बॅगेतच ठेवा. संरक्षित जागांच्या फोटोंना १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होऊ शकतो. ससून डॉक बंदराच्या हद्दीत येतो आणि तिथे फोटो काढण्यावर निर्बंध आहेत, म्हणून आत शिरण्याआधी गेटवर विचारा आणि परवानगीचा कागद लागत असेल तर तो आधी मिळवा. कागद नसेल तर लिलाव नुसता बघून या आणि फोटो एखाद्या कोळीवाड्यात काढा. रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड, लाइट किंवा व्यावसायिक शूटिंग परवानगीशिवाय करता येत नाही. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, तेव्हा दारातून आत लेन्स रोखून उभं राहणंही अशोभनीय. ड्रोन घरी ठेवा.

बाणगंगेवर किंवा कुठल्याही घाटावर आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचे फोटो काढू नका. आपल्याला कोणी पाहत नाही अशी बाईची रास्त अपेक्षा असलेल्या खासगी क्षणाचं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि असा फोटो पुढे पाठवणं हाही. लेडीज डब्याकडे कॅमेरा वळवू नका.

मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही. मूल स्वतः "माझा काढ, माझा काढ" म्हणत समोर नाचत असलं तरी नाही. शाळेच्या गणवेशावरचं नाव दिसत असेल तर तो फोटो कुठेही टाकू नका. बालगृहातल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे.

इशारा: पोलिसाने किंवा सुरक्षारक्षकाने थांबवलं तर वाद घालू नका. कॅमेरा खाली घ्या, काय काढत होतात ते दाखवा आणि परवानगी कुठे मिळेल ते विचारा. तोंडातोंडी सुरू झाली की भोवती गर्दी जमते, आणि मग त्या दिवशी कोणीच फोटो देत नाही.

टप्पा ३: बॅगेत काय असावं

एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि एक लेन्स. ३५ किंवा ५० मिलिमीटर, फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशेबाने. ७०-२०० ची झूम लेन्स घरी ठेवा. लांबची लेन्स हातात असली की माणूस लांबच उभा राहतो, आणि समोरच्याला आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवल्यासारखं वाटतं. फोनही चालतो. फक्त चेहऱ्यासाठी फोनची मुख्य लेन्स वापरू नका. ती साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते, आणि जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोनपट झूम लावा आणि दोन पावलं मागे या.

बाकी: दोन बॅटऱ्या, दोन कार्ड, मायक्रोफायबरचे दोन रुमाल, खिशात मावेल अशी वही आणि पेन, मागच्या खेपेच्या पाच-सहा प्रिंट. मासळीबाजारासाठी रबरी तळाची चप्पल किंवा गमबूट. बॅग जमिनीवर टेकवू नका, मासळीच्या पाण्याचा वास महिनाभर जात नाही.

टप्पा ४: सेटिंग आदल्या रात्री लावून ठेवा

माणूस "काढ" म्हणाला आणि तुम्ही मेनूत बोटं फिरवत बसलात, की त्याच्या चेहऱ्यावरचा भाव गेलाच म्हणून समजा.

- रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपीजी (तयार फोटो) दोन्ही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड एका दिवसाला भरपूर.
- ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ४. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवून दीड मीटरवरून फोटो काढला तर स्पष्ट भाग जेमतेम दहा सेंटिमीटर खोल असतो. एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर, कान गायब. एफ ४ वर तो वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि अख्खा चेहरा सावरतो.
- ऑटो आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं), कमाल ६४००. थोडे दाणे आले तर चालतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.
- किमान शटर १/२५० सेकंद. कोयत्याने मासळी कापणारे हात, फेकली जाणारी पाटी, आपटले जाणारे कपडे यासाठी १/५००.
- डोळ्यांवर ऑटोफोकस चालू. शटरचा आवाज आणि फोकसची बीप बंद.

आता एक अपवाद, ज्यावर पहाटेचे फोटो हमखास फसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. अशा उजेडात १/२५० किंवा १/५०० लावलं की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात, किंवा एक फोटो पिवळा आणि पुढचा हिरवट येतो. तिथे १/१०० वर या. माणूस बोलत असेल तर त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबून मग बटण दाबा. कॅमेऱ्यात फ्लिकर (उजेडाची ही लुकलुक) टाळण्याची सोय असेल तर ती चालू करा.

दुसरी मुंबईची खास अडचण दमटपणाची. एसीच्या खोलीतून किंवा एसी लोकलमधून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं चढतं. पुसलं तर फराटे उठतात आणि लेन्स उघडून बदलली तर ओल आत जाते. झिप लावलेल्या बॅगेत कॅमेरा वीस ते तीस मिनिटं तसाच राहू द्या, तो बाहेरच्या हवेइतका गरम झाला की धुकं धरत नाही. रात्री कॅमेरा एसी नसलेल्या खोलीत ठेवणं हा त्याहून सोपा उपाय.

तपासा: घरच्या ट्यूबलाइटखाली १/१०० आणि १/५०० वर दहा-दहा फोटो काढा. पट्टे कसे दिसतात ते एकदा डोळ्यांनी बघितलं की बाजारात लगेच ओळखू येतात.

टप्पा ५: पोचल्यावर पहिला अर्धा तास

कॅमेरा गळ्यात, लेन्सचं झाकण काढलेलं, पण हात खाली. लपवू नका आणि रोखूही नका. तुम्ही कशासाठी आला आहात हे सगळ्यांना दिसू द्या.

वाटेत उभे राहू नका. हमाल "ए बाजू, बाजू!" ओरडत येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर पाऊणशे किलो असतात, तो थांबू शकत नाही. भिंतीला, खांबाला पाठ लावून उभे राहा.

आणि विक्रेत्याची भवानी होईपर्यंत त्याच्यासमोर कॅमेरा घेऊन उभे राहू नका. पहिलं गिऱ्हाईक यायच्या वेळी तुम्ही आडवे आलात तर दिवसभर जे काही बिघडेल ते तुमच्या नावावर जमा होईल, आणि त्यात त्यांची चूक नाही. सकाळच्या पहिल्या विक्रीला मान असतो. ती होऊ द्या, मग पुढे व्हा.

या अर्ध्या तासात चहा घ्या, कोण बोलकं आहे ते हेरा, आणि उजेड चांगला पडतो अशा दोन जागा मनात पक्क्या करा.

टप्पा ६: विचारणं

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

हाक योग्य हवी. मासळीवाल्या बाईला "मावशी", आपल्याच वयाची असेल तर "ताई". वयस्क माणसाला "काका" किंवा "बाबा", तरुणाला "दादा" किंवा "भाऊ". हिंदी बोलणाऱ्याला "भैया" म्हणू नका. या शहरात त्या हाकेला टोचणी चिकटली आहे. "भाई", "चाचा" म्हणा. "ओ मॅडम, इधर देखो" ही सर्वांत वाईट सुरुवात.

पहिलं वाक्य कामाबद्दल असावं, फोटोबद्दल नको. साधारण असं:

"मावशी, आज बोंबील कमी दिसतायत."

"वारा सुटलाय ना दोन दिवस. घेणार का?"

"जाताना घेतो. मावशी, मी मासळीच्या कामाचे फोटो काढतोय. तुम्ही साफ करताय तसा काढू का? हात थांबवायची गरज नाही."

"काढ. थांब, पदर नीट करते."

ती पदर नीट करते ते दहा सेकंद तुमचे. त्यात उजेड बघा, एक पाऊल डावीकडे की उजवीकडे ते ठरवा. पदर सावरू न देता आधीच बटण दाबणं हा विश्वासघात आहे. आणि "जाताना घेतो" म्हणालात तर जाताना घ्या.

उत्तरं नीट ऐकायला शिका. "कशाला?" हा नकार नाही, तो प्रश्न आहे. त्याचं सरळ उत्तर द्या: प्रदर्शनासाठी, स्वतःच्या संग्रहासाठी, इन्स्टाग्रामवर टाकण्यासाठी, जे खरं असेल ते. "पेपरात येणार का?" असं विचारलं आणि येणार नसेल तर नाही म्हणा. "नंतर ये" म्हणजे आत्ता घाई आहे. अर्ध्या तासाने खरंच गेलात तर बहुतेक वेळा होकार मिळतो. "नको रे बाबा" किंवा नुसतं तोंड फिरवणं म्हणजे नको. पुन्हा विचारू नका, शेजारच्याकडून वजन टाकायला लावू नका, आणि चार पावलं लांब जाऊन झूमने काढू नका. तो पूर्ण बाजार हे बघत असतो.

एखादीने हो म्हटलं आणि शेजारचे तिला चिडवायला लागले, तर घाईने फोटो उरकू नका. त्यांनाही फ्रेममध्ये बोलवा, हसू द्या, एक काढा. मग गर्दी पांगली की तिचा एकटीचा.

पैशांचं धोरण घरून ठरवून निघा. काम करणाऱ्या माणसाला फोटोसाठी नोट पुढे करू नका, त्याने दोघांमधलं नातं क्षणात बदलतं आणि तुमच्यामागून येणाऱ्याचीही पंचाईत होते. त्याच्याकडचं काही विकत घ्या, चहा सांगा, प्रिंट आणून द्या. ज्याचा धंदाच पोशाख करून फोटोला उभं राहण्याचा किंवा गाऊन दाखवण्याचा आहे, त्याची गोष्ट वेगळी. ती त्याची मजुरी आहे. रक्कम आधी ठरवा आणि घासाघीस न करता द्या.

फोटो जाहिरातीसाठी, उत्पादनाच्या वेष्टनासाठी किंवा स्टॉक संस्थेला (फोटोंचा साठा ठेवून विकणाऱ्या कंपनीला) विकायचा असेल तर तोंडी होकार पुरत नाही. लेखी संमतिपत्र हवं, तेही त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत. मूल असेल तर पालकाची सही. इंग्रजी छापील अर्जावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

इशारा: महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटावर लेन्स रोखणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात. खालची माणसं अर्ध्या कपड्यांत काम करत असतात आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. पुलावरून घाटाचा एखादा रुंद फोटो घ्या, चेहऱ्यांसाठी खाली उतरून विचारा. आत नेण्याचे पैसे मागणारे भेटतात. ते द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण त्या पैशात प्रत्येक धोब्याची परवानगी येत नाही.

टप्पा ७: फोटो काढण्याचा क्रम

होकार मिळाला की थेट चेहऱ्यावर जाऊ नका. माणूस पहिली दोन-तीन मिनिटं आखडलेला असतो. तो वेळ बाकीच्या फोटोंवर घालवा.

१. *रुंद:* माणूस आणि त्याची जागा. तीन-चार मीटरवरून. मागचा फलक, छप्पर, गिऱ्हाईक दिसू द्या.

२. *कामाचा:* दोन मीटरवरून, कमरेपासून वर. हात फ्रेममध्ये पूर्ण हवेत, मनगटाशी कापलेले नकोत.

३. *हातांचा:* जवळून. फुलबाजारात गजरा ओवणाऱ्याचा दोरा कुठल्या बोटातून कुठे जातो ते आधी दोन फेरे बघा, मग फेरा पूर्ण व्हायच्या क्षणी बटण दाबा. डाव्या हाताच्या बोटांवर दोरा ताणलेला असतो, उजवा हात दोन-दोन कळ्या देठाला देठ लावून ठेवतो आणि गाठ ओढतो. गाठ ओढतानाच हाताला आकार येतो.

४. *नात्याचा:* तो आणि गिऱ्हाईक, ती आणि तिची सून, दोन भागीदार. हा फोटो बहुतेकांच्या मालिकेत नसतो आणि त्याशिवाय मालिका पोकळ वाटते.

५. *चेहरा:* सर्वांत शेवटी. अंतर कमीत कमी दीड मीटर. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. ती पाटावर बसली असेल तर तुम्हीही बसा. पार्श्वभूमीत डोक्यातून उगवणारा खांब किंवा बल्ब नाही ना, ते बटण दाबण्याआधी बघा.

चेहऱ्याचे आठ-दहा फोटो पुरेत. शेवटी "झालं" असं म्हणा आणि कॅमेरा खाली घ्या. लोक सैलावतात, हसतात. तेव्हा "अजून एक?" असं विचारून काढलेला फोटोच अनेकदा सर्वांत चांगला ठरतो.

*उजेड.* मुंबईत सूर्य डिसेंबर-जानेवारीत सातच्या पुढे उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या आसपास. उगवल्यानंतरचा दीड तास मऊ उजेड मिळतो. अकरानंतर माणसाला उन्हात उभं करू नका, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. दुकानाच्या दाराच्या आत, उंबऱ्यापासून हातभर मागे बसवा आणि चेहरा रस्त्याकडे वळवा. रस्त्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर एकसारखा पडतो आणि पाठीमागे दुकानाचा अंधार राहतो.

ताडपत्रीकडे लक्ष ठेवा. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाची त्वचा निळसर येते आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल राखणारी कॅमेऱ्याची सोय) तिला निम्मीच सावरतो. चेहऱ्याजवळ वहीचं कोरं पान धरून त्यावरून व्हाइट बॅलन्स लावा. खरा घोळ होतो तो अर्धा चेहरा ताडपत्रीखाली आणि अर्धा उन्हात असताना, कारण दोन रंग एका फोटोत सुधारत नाहीत. माणसाला पूर्ण सावलीत किंवा पूर्ण बाहेर घ्या.

एक्सपोजर (फोटो किती उजळ यावा ते) चेहऱ्यावरून ठरवा. बर्फ, थर्माकोलचे खोके, पांढऱ्या टोप्या फ्रेममध्ये जास्त असल्या की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो, एक्सपोजर कमी-जास्त करण्याच्या पट्टीवर अधिक ०.७ ते अधिक १ द्या. पहाटेच्या अंधारात एका बल्बखाली बसलेल्या माणसाच्या बाबतीत उलटं होतं, चेहरा पांढराफटक पडतो, उणे ०.७ ते उणे १.

तपासा: निघण्याआधी स्क्रीनवर एक चेहरा पूर्ण मोठा करून बघा. जवळचा डोळा स्पष्ट आहे का? पट्टे नाहीत ना? हे घरी गेल्यावर बघून उपयोग नाही. आणि फोटो त्या माणसालाही दाखवा. "हा नको, डोळे मिटलेत" असं तो म्हणाला तर त्याच्यासमोर पुसून टाका.

टप्पा ८: मुंबईबाहेर जाताना यात काय बदलतं

क्रम तोच. नियम मात्र जागेप्रमाणे वाचून निघावे लागतात, आणि "आपल्याकडे चालतं" हे कुठेही कारण होत नाही.

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चितांचे फोटो काढू नका. अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं हा दंडनीय गुन्हा आहे, चालत्या गाडीच्या खिडकीतूनसुद्धा. भूतानमध्ये मंदिरांच्या आतल्या भागात फोटोला मनाई असते. जपानमधल्या क्योतोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या २०१९ पासून आहेत, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच करण्यात आल्या. मायकोच्या (गेशा होण्याचं शिक्षण घेणाऱ्या तरुणींच्या) मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या पाहुण्यांमुळे ही वेळ आली. जर्मनीत माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. हा नियम १९०७ च्या कायद्यातला आहे आणि सार्वजनिक मेळाव्यांसारखे मोजके अपवाद त्यात आहेत. मोरोक्कोतल्या मराकेशच्या जेमा अल-फना चौकात साप खेळवणारे आणि पारंपरिक वेशातले पाणीवाले फोटोचे पैसे घेतात, तिथे टप्पा ६ मधला मजुरीचा नियम लावा.

भाषा येत नसेल तर तीन वाक्यं पाठ करा: नमस्कार, "फोटो काढू का?" आणि आभार. भाषांतराचं ॲप पुढे धरण्यापेक्षा चुकीच्या उच्चारातलं तोंडी वाक्य जास्त काम करतं. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावणं बऱ्याच ठिकाणी समजतं, पण मान हलवण्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. बल्गेरियात होकार-नकाराच्या माना आपल्या उलट हलतात. शंका आली तर थांबा.

विमानाला निघताना सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवा आणि त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. परदेशी जाताना महागडा कॅमेरा असेल तर मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, त्यावर बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर असतात. परत येताना "हा तिकडे घेतलात का" हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी चेक-इनच्या आधी अर्धा-पाऊण तास राखून ठेवा.

टप्पा ९: नोंद, तिथल्या तिथे

प्रत्येक माणसामागे पाच ओळी: नाव, काम, मूळ गाव, जागा आणि तारीख, आणि कशासाठी होकार दिला. नाव त्यांच्याच हातून वहीत लिहून घ्या, ऐकून लिहिलेल्या आडनावात हमखास चूक होते. लिहिता येत नसेल तर दोनदा म्हणून दाखवा. शेवटी त्या वहीच्या पानाचाच एक फोटो काढा. कार्डावर त्या माणसाच्या फोटोंच्या लगेच पुढे ते पान येतं आणि नंतर कोण कोणतं हा गोंधळ होत नाही.

ओळीत अंदाज लिहू नका. "कष्टकरी आजी", "हसतमुख गरिबी" असल्या ओळी त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाहीत. ती कोणती मासळी विकते, किती वाजता घरातून निघते, कुठून येते, हे लिहा.

टप्पा १०: घरी आल्यावर

कार्ड पुसण्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवा, त्यातली एक प्रत घराबाहेर किंवा क्लाउडवर असू द्या. मासळीबाजारातून आला असाल तर किंचित ओल्या रुमालाने कॅमेऱ्याची बॉडी पुसा, सुकू द्या आणि मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात डब्यातला दमटपणा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राहील असं बघा, नाहीतर लेन्समध्ये बुरशी धरते.

निवड कठोर करा. एका माणसाचे पाच फोटो पुरेत. एडिटिंगमध्ये त्वचा उजळवू नका. सावळा माणूस सावळाच दिसायला हवा. ॲपमधला त्वचा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवा, कारण सुरकुत्यांसकट तो चेहरा त्याचा आहे. रंग भडक केले की हळदीची मळवट नारिंगी होते आणि हिरवं नऊवारी विजेच्या जाहिरातीसारखं चमकतं. संशय आला तर स्लायडर निम्म्यावर आणा.

टप्पा ११: प्रिंट

प्रत्येक होकारामागे एक प्रिंट देणं लागतं. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. फोनचे फोटो चारास तीन प्रमाणाचे असतात आणि ४ बाय ६ कागद तीनास दोनचा, त्यामुळे स्टुडिओवाला वरून-खालून कापतो आणि डोकी जातात. कापणी स्वतः करून द्या. स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की आकार घटतो. समुद्राजवळच्या घरांत ग्लॉसी कागद ओलीने काचेला चिकटतो. मॅट घ्या किंवा लॅमिनेट करून द्या.

पंधरा दिवसांच्या आत जा, भवानी झाल्यावर. माणूस भेटला नाही तर शेजारच्या ठेल्यावर ठेवा आणि मागे नाव लिहा. परगावी असाल तर पत्ता आधीच वहीत घेतलेला हवा. साध्या टपालाने पाठवताना पाकिटात पुठ्ठा घाला. कोणी नंतर "तो फोटो काढून टाका" म्हणालं तर कारण न विचारता काढा, आणि काढल्यावर त्यांना कळवा.